एकट्या आईने स्वतःची काळजी कोणत्या क्रमाने घ्यायची: आधी ओझं खाली, मग बाकीचं

आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. त्यातल्या चौघी एकटीने घर चालवतो. दोघींचे नवरे गेले, मला सोडलं, एकीचा कामासाठी म्हणून सुरतेला गेला तो परतलाच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आमच्यातली कुणीतरी ठरवते की आता स्वतःकडे बघायचं. पहाटे पाचला उठून चालायला जायचं, रात्री तळपायाला तेल लावायचं, चहा सोडायचा, सगळं एकाच सोमवारपासून. आठव्या दिवशी पोरगं तापाने फणफणतं किंवा शेतावर जास्तीचं काम निघतं आणि सगळं बंद पडतं. वर "माझ्याच्यानं काही होत नाही" हे नवं दुखणं मागे लागतं.

मी स्वतः तीनदा अशी आपटले. चौथ्यांदा जमलं, कारण क्रम बदलला. ज्या दिवसात मुंगीला शिरायला जागा नाही त्यात नवं काम घालायचं नसतं. आधी एक काम उतरवायचं, मग शरीर तपासून घ्यायचं, मग ताट आणि झोप बघायची. चालणं, तेल, व्यायाम त्याच्यानंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिलेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका. पहिल्याला तीन दिवस, दुसऱ्याला दोन आठवडे आणि बाकी प्रत्येकाला किमान आठवडा द्या.

तयारी: काय लागेल, काय विकत घ्यायचं नाही

मुलांची अर्धी कोरी राहिलेली वही, एक पेन, मोबाइलमधला गजर, एक लिटरची पाण्याची बाटली. आधार कार्ड आणि रेशन कार्डाची झेरॉक्स एका पिशवीत घालून ठेवा, तिसऱ्या आणि आठव्या टप्प्यात लागेल. महिन्याला दीडशे रुपये बाजूला निघाले तर पुरतात. लिंबं, गूळ, दाणे आणि एक-दोनदा एसटीचं भाडं, एवढाच खर्च आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.

घरोघरी येऊन विकली जाणारी ताकदीची पावडर घेऊ नका. हप्त्यावर मिळणारं फेशियलचं किट नको, "रक्त शुद्ध करणारं" सरबत नको. त्या एका डब्याच्या पैशात दोन-तीन महिन्यांचे दाणे, गूळ आणि मटकी येते.

सुरुवात कधी करायची हेही ठरवून घ्या. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात नको, मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात नको, दिवाळीच्या आधी तर नकोच. पाळी चालू असताना थकव्याचा अंदाज चुकतो, म्हणून ती संपल्यावर सुरू करा.

टप्पा १: तीन दिवस नुसतं लिहायचं

रोज रात्री पाच ओळी. कधी उठले. कधी झोपले. काय आणि कितीला खाल्लं. दिवसभरात पाठ टेकून किंवा बूड टेकून कितीदा बसले. मुलांवर कधी ओरडले. तीन दिवसांत एक बाजाराचा दिवस येऊ द्या, कारण खरी ओढाताण त्या दिवशी दिसते.

इथली नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच रात्री वही बघून दुसऱ्या दिवशी सुधारणा सुरू करणं. करू नका. तीन दिवस जसं चाललंय तसंच चालू द्या, नाहीतर वही खोटं बोलते.

*तपासा:* चौथ्या दिवशी वहीत दिवसाचा सगळ्यात दाटीचा तास शोधून त्याभोवती गोल करा. आमच्यापैकी तिघींचा तो सकाळी साडेपाच ते सात होता: पाणी भरणं, डबे, भाकऱ्या आणि मुलांची शाळा एकाच वेळी. पुढचा टप्पा त्या तासासाठी आहे.

टप्पा २: एक ओझं खाली ठेवा

सगळं काम इथे आहे. हा टप्पा नीट झाला तर पुढचे आपोआप सोपे जातात, आणि हाच सगळ्या जणी गाळतात. ओझं उतरवायच्या तीन वाटा आहेत.

*सोडून द्यायचं.* वहीतल्या कामांपैकी असं एक शोधा जे नाही केलं तर कुणी उपाशी राहत नाही आणि कुणी आजारी पडत नाही. रोजची इस्त्री. सकाळ-संध्याकाळ वेगवेगळी भाजी. उन्हाळ्यात नणंदा-जावांना वाटण्यासाठी घातलेल्या दहा किलोच्या बिबड्या (ज्वारीचे पापड). बिबड्यांचं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एकट्या बाईला वाटतं की रीत पाळली नाही तर लोक म्हणतील, नवरा नाही म्हणून घर मोडलं. मी दोन वर्षं घातल्या नाहीत. पहिल्या वर्षी दोन टोमणे आले, दुसऱ्या वर्षी कुणी विचारलंही नाही. मुलांपुरत्या दोन किलो घाला.

*वाटून द्यायचं.* सात-आठ वर्षांचं मूल आपला डबा धुऊ शकतं, पांघरुणं घडी करू शकतं, बाटल्या भरू शकतं. अकरा-बारा वर्षांचं केर काढतं, तांदूळ निवडून धुतं, कपडे वाळत घालतं. एका मुलाला एकच काम द्या आणि पंधरा दिवस तेच ठेवा. पहिले तीन दिवस शेजारी उभं राहून दाखवा. चौथ्या दिवसापासून तिथून निघून जा.

मग सगळ्यात अवघड गोष्ट: त्यांनी केलेलं काम पुन्हा करायचं नाही. डब्याला कोपऱ्यात तेलकट राहिलं तर संध्याकाळी दाखवून त्यांच्याकडूनच धुऊन घ्या. तुम्ही एकदा हातात घेतलं की ते काम कायमचं तुमच्याकडे परत येतं.

⚠ मुलगी मोठी असली तरी सगळं तिच्यावर टाकू नका, मुलालाही सारखंच द्या. गॅस आणि चूल, विहीर, पाण्याची मोटर, विजेचं काहीही मुलांचं काम नाही. धाकट्या भावंडाला दिवसभर सांभाळणं हेही नाही, आणि त्यासाठी शाळा बुडवणं तर मुळीच नाही.

*अदलाबदल करायची.* गल्लीत तुमच्यासारखीच पिचलेली एक तरी बाई असते. "मला मदत कर" असं म्हणू नका, तसं म्हणायला जीभ रेटत नाही आणि तिलाही ओझं वाटतं. म्हणा, "वहिनी, सोमवार-बुधवार मी दोन्हीकडची पोरं शाळेत सोडते, मंगळवार-गुरुवार तुम्ही सोडा." दळणाचंही तसंच. तीन घरांचे डबे एकच जण गिरणीवर नेते, तीन आठवड्यांतून एकदा पाळी येते. अदलाबदल टिकते ती बरोबरीची असली तर आणि वार ठरलेला असला तर. "बघू, जमेल तसं" असं ठरलेलं आठवडाभरही चालत नाही.

*तपासा:* दोन आठवड्यांनी वहीतल्या त्या गोल केलेल्या तासात रोज अर्धा तास मोकळा झाला का? झाला नसेल तर पुढे जाऊ नका, आणखी एक काम शोधा. झाला असेल तर त्यात लगेच दुसरं काम भरू नका. तो अर्धा तास सहाव्या टप्प्यासाठी राखून ठेवायचाय. तोवर नुसतं बसा.

टप्पा ३: रक्त, बीपी, साखर तपासून घ्या

थकवा, चिडचिड, धाप, केस गळणं, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे सगळं आपण "दगदग आहे ना" म्हणून सोडून देतो. माझं हिमोग्लोबिन ८.२ निघालं तेव्हा मी वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे शंका घ्यायला पुरेसं कारण आहे. रक्त कमी असताना पहाटे उठून चालायला गेलात तर फक्त जास्त दमाल.

हे असं करा:

१. आशाताईला विचारा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासणारे कोणत्या वारी असतात. न विचारता गेलं की अर्धा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात.

२. सकाळी उपाशीपोटी जा म्हणजे साखरही होईल. सोबत भाकरी बांधून न्या आणि रक्त दिल्यावर लगेच खा.

३. केसपेपरवर चार गोष्टी मागून घ्या: हिमोग्लोबिन, बीपी, साखर आणि वजन. तिशी ओलांडली असेल तर स्तन, तोंड आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही मागा. ती सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामाचाच भाग आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

४. आकडे त्याच वहीत तारखेसह लिहून आणा. "सगळं बरं आहे" एवढ्यावर उठू नका, आकडा विचारा.

आकडा कसा वाचायचा: गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा वर हवं. ११ ते १२ च्या आत असेल तर थोडं कमी. ८ ते ११ च्या मध्ये असेल तर गोळ्या लागतील. ८ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा, घरगुती उपायांवर राहू नका. बीपी १४०/९० किंवा वर आलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या.

⚠ नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या पट्ट्यातल्या आदिवासी बहिणींनी सिकलसेलची (रक्तपेशींचा, आईवडिलांकडून येणारा आजार) तपासणीही मागावी. रक्त कमी असण्याचं कारण तिथे वेगळं असू शकतं आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टरच सांगतील.

गोळ्या घेताना होणाऱ्या चुका मी आमच्या गटात मोजल्यात. एक, चहासोबत गोळी. चहा लोह शरीरात मुरूच देत नाही, दूध आणि कॅल्शियमची गोळीही अडवते. रात्री जेवून तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. दोन, शौचाला काळं झालं म्हणून घाबरून बंद करणं. लोहाच्या गोळीने ते होतंच. तीन, महिनाभराने अंगात त्राण आलं की गोळ्या मुलांच्या दप्तरामागे जाऊन पडतात. आकडा १२ झाला तरी शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पूर्ण करा. मळमळ होत असेल तर सोडू नका, वेळ बदलून बघा आणि आशाताईला सांगा.

पाळीत फार जास्त जात असेल, दोन तासांत कापड किंवा पॅड भिजत असेल, तर तेही सांगा. रक्त कुठून जातंय हे कळल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भरत नाही. अंगावरून वास येणारं पांढरं किंवा पिवळं जात असेल, लघवीला जळजळ असेल, तर लाजून घरी बसू नका.

आणखी एक. खिडकीवर किंवा रांगेत कुणीतरी "मालक काय करतात?" असं विचारणारच. उत्तर घरूनच ठरवून न्या. मी म्हणते, "मी एकटी आहे, तपासणी माझी आहे." पुढे गप्प राहते. एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

टप्पा ४: ताट

नवं काही खायचं नाही. आपल्याकडे आहे तेच, पण आपल्याही ताटात पडेल असं. तुमची चार-चौघी बायकांसारखी सवय असेल तर आधी मुलं, मग म्हातारी माणसं आणि शेवटी उरलेली वाटीच्या तळाची डाळ तुमची. म्हणून डाळ शिजली की पहिल्यांदा तुमची वाटी काढून झाकून ठेवा, मग मुलांना वाढा. मुलांच्या तोंडचं काढतोय असं वाटेल. एक वाटी आहे, पातेलं नाही.

रक्तासाठी आपल्या खानदेशात स्वस्तात मिळणारं: कळण्याची भाकरी (ज्वारीसोबत उडीद असल्याने साध्या भाकरीपेक्षा भारी), थंडीत बाजरी, मोड आलेली मटकी, कुळीथ, मेथी, पोकळा, काळे तीळ. भाजी लोखंडी कढईत करा. जेवताना ताटात लिंबाची फोड हवीच, कारण त्याच्याविना भाजीतलं लोह पुरतं लागू होत नाही. उडदाची आमटी, फुनके, पातोड्या हे आपलं रोजचं आहे, त्यात दम आहे.

आता दोन गैरसमज. रक्त वाढावं म्हणून डाळिंब आणि बीटावर पैसे घालवू नका, त्यात लोह आपण समजतो तेवढं नसतं. रावेर-यावलकडची केळी स्वस्त आहेत, पोट भरतात, ताकद देतात, रोज खा. पण केळ्याने हिमोग्लोबिन वाढत नाही.

चहा सोडायचा नाही. फक्त जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर नको. सकाळी उपाशीपोटी दोन कप चहावर अकरापर्यंत राबणं हे आमच्या चौघींच्याही वहीत निघालं. उठल्यावर चहाच्या आधी मूठभर दाणे आणि गुळाचा खडा खा. डबा रात्रीच भरून चुलीपाशी ठेवा, शोधावा लागला तर खाल्ला जात नाही.

*तपासा:* आठवड्यातले किती दिवस तुम्ही अकराच्या आत काही खाल्लं? पाच दिवस झाले तर पुढे.

टप्पा ५: झोप

सात तास हवे. आपल्याला साडेपाच मिळतात, त्यातला निम्मा वेळ कान दाराकडे असतो. एकटी बाई रात्री जागी असते ती बऱ्याचदा भीतीने, म्हणून पहिला खर्च तिथे करा. आतली कडी डगडगत असेल तर बदलून घ्या, दाराबाहेर एक छोटा दिवा लावा. जवळच्या एका घराशी ठरवून ठेवा की रात्री मिसकॉल आला तर उठून यायचं. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि मोठ्या मुलालाही लावायला शिकवा. माझी झोप कडी बदलल्यावर सुधारली, कुठल्या काढ्याने नाही.

मग रात्रीची तयारी जेवणाआधी आणा. दप्तर, गणवेश, उद्याची भाजी निवडणं हे संध्याकाळी सात वाजता मुलांना सोबत घेऊन करायचं, दहानंतर एकटीने नाही. मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या भिंतीला चार्जिंगला लावा. गजर वाजला की उठून जावं लागतं, आणि "पाच मिनिटं बघते" म्हणून गेलेला तासही वाचतो. मूल रात्री उठत असेल तर दुपारी वीस मिनिटं गजर लावून आडवं व्हा. त्याहून जास्त झोपलात तर अंग जड होतं.

टप्पा ६: रोजची पंधरा मिनिटं

दुसऱ्या टप्प्यात मोकळा झालेला अर्धा तास आता वापरा. त्यातली पंधरा मिनिटंच, उरलेली राहू द्या. वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा: मुलं शाळेत गेली, दार लोटलं, की केरसुणी उचलायच्या आधी. केरसुणी हातात आली की संपलं.

रोज सगळं करायचं नाही. यातलं एक निवडा आणि महिनाभर तेच करा.

कंबर दुखणाऱ्यांसाठी, म्हणजे वेचणी-निंदणीवर किंवा शिलाई मशिनवर काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांसाठी: चटईवर उताणं पडा, गुडघे वाकवा, कंबर जमिनीला दाबा, मनात पाच मोजा, सोडा. दहा वेळा. मग पोटऱ्या खुर्चीवर किंवा खाटेवर टेकवून पाच मिनिटं नुसतं पडून राहा. कळ पायात खालपर्यंत उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर व्यायाम थांबवा आणि दाखवा.

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब जातात अशा बायका खूप आहेत आणि जवळजवळ कुणीच बोलत नाही. लघवी मध्येच अडवावी तसे खालचे स्नायू आवळा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकऱ्या थापतानाही होतं, कुणाला कळत नाही. फरक पडायला तीनेक महिने लागतात. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका.

भेगाळलेल्या टाचांसाठी हे रात्री: कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, वजरीने हलकं घासणं, पुसून व्हॅसलिन किंवा खोबरेल, वर जुने मोजे. भेगेत ब्लेड चालवू नका. साखरेचा आजार असेल तर जखम झालेली टाच घरी बघायची नाही.

⚠ एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तीस मिनिटं करायची नाहीत. पंधराच.

टप्पा ७: मन

आपल्याकडे "कशी शे?" म्हटलं की "बरी शे माय" हे ठरलेलं उत्तर. एका माणसापुरतं ते उत्तर बदलायचंय. एकच बाई निवडा जी पुढे चार घरी सांगत नाही. बहीण असेल, गटातली असेल. तिला आठवड्यातून एक ठरलेल्या वारी फोन करायचा आणि एक खरी गोष्ट सांगायची. "खूप टेन्शन आहे" असं मोघम नको, "काल फीच्या पैशावरून रात्रभर जागी होते" असं नेमकं.

मोठी चूक इथे होते ती मुलांच्या बाबतीत. मोठ्या मुलाला "आता तूच घरातला कर्ता" म्हणणं, मुलीपाशी रडणं. मुलं गप्प ऐकतात, आणि मग अभ्यासात, झोपेत, पोटदुखीत ते बाहेर पडतं. पैशाची अडचण त्यांना सांगा, पण अडचणीचं काय करायचं हे ठरवायची जबाबदारी त्यांची नाही.

माहेराबद्दलही सांगते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि सोडलेली किंवा विधवा झालेली "कोणत्या तोंडाने जाऊ" म्हणून घरीच राहते. माहेरी कुणी हाक मारणारं असेल तर जा. दोन दिवस कुणीतरी तुम्हाला गरम जेवण वाढेल.

दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा: मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, मुलांचं काय होईल याच्याही पलीकडे विचार गेला असेल, तर त्याच मिनिटाला लावा आणि त्या रात्री एकट्या राहू नका. शेजारणीला उठवा.

घरात किंवा बाहेर कुणी त्रास देत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

टप्पा ८: हक्काचा पैसा

हे थोडक्यात, पण झोप उडवणारं कारण बहुतेक वेळा पैसाच असतो. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता (नवऱ्याने सोडलेल्या) महिलांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे: एक पालक असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. ही मुलांची योजना कितीतरी जणींना माहीतच नसते. पोटगी, ताबा, घराचा हक्क यासाठी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

⚠ दरमहा १,५०० किंवा जास्त रुपये दुसऱ्या सरकारी योजनेतून मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेत बसत नाही. दोन्ही अर्ज भरण्याआधी विचारा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि तिचा मोबाइलमध्ये फोटो काढा.

मार्चमध्येच करायचे बदल

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा वरचं वेळापत्रक चालत नाही. म्हणून मार्चमध्येच पंधरा मिनिटं पहाटे आणा, बारा ते चार बाहेरचं काम शक्य तितकं टाळा. पत्र्याच्या खोलीत झोपत असाल तर संध्याकाळी पत्र्यावर पाणी मारा, बाहेर सुरक्षित असेल तर अंगणात झोपा.

पाण्याबद्दल एक कळकळीची विनंती. शेतावर आडोसा नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि मग लघवीचा संसर्ग आणि मुतखडा. दोघी-तिघी मिळून जा, एकीने साडी धरायची, पण पाणी प्या. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. फार घाम आला, जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच हवा, मीठ जास्त झालं तर ते पाणी अपायकारक ठरतं. बडबड, अंग भट्टीसारखं, शुद्ध हरपणं अशी लक्षणं दिसली की सावलीत आणा, ओल्या कपड्याने अंग पुसा, वारा घाला आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

घडी विस्कटली तर

विस्कटेलच. मूल आजारी पडेल, लग्नसराई येईल, वेचणी येईल. तेव्हा सगळं धरून ठेवायचा प्रयत्न करू नका. तीन गोष्टी राखा: सकाळचे दाणे-गूळ, रात्रीची गोळी, आणि त्या एका बाईला फोन. बाकी सोडा. गडबड संपली की पहिल्या टप्प्यापासून नको, दुसऱ्यापासून सुरू करा, कारण गडबडीत एखादं काम हमखास पुन्हा तुमच्या अंगावर आलेलं असतं. मुलांचे डबे कोण धुतंय तेवढं आधी बघा.

गोळ्या सुरू केल्याच्या तारखेपासून एक महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन. ती तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मोबाइलला गजर लावून ठेवा. माझं ८.२ चं पहिल्या महिन्यात ९.४ झालं आणि १२ व्हायला पाच महिने लागले.